फोंड्याजवळचं शुश्रूषा केंद्र: आईचे तीन महिने

दारात मोगरा, आत एसी, भिंतीवर मंगेशीचा मोठा फोटो. आम्ही त्यावरच भुललो. रात्रपाळीला माणसं किती, हे विचारायचं राहून गेलं.

आई ८२ वर्षांची. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऑपरेशन झालं. भाऊ दुबईत, आम्ही दोघं नोकरीवाली. घरी ठेवलेली बाई चतुर्थीला गावी गेली ती गेलीच. इथं खाट मिळायलाही १९ दिवस थांबावं लागलं. नवल नाही, २०११च्या जनगणनेतच गोव्यात शंभरातले अकरा जण साठीपुढचे होते, आणि त्यांची मुलं कुठं आहेत ते आपल्याला ठाऊक आहे.

दिवसाच्या दोघी मुली झारखंडच्या, हाताला फार मऊ. पहिल्या दिवशी आईनं पेज मागितली तर एकीनं वहीचं पान आणून दिलं! आता अकराच्या ठोक्याला उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं येतं. फिजिओवाला पाय उचलायला लावतो तेव्हा आई ‘उं, दोइश, त्रेश’ मोजते. पोर्तुगीज शाळेतलं एवढंच शिल्लक आहे.

रात्र मात्र वाईट. चौदा जणांमागे एकच बाई. दर दोन तासांनी कूस बदलायची, ती बदललीच जात नव्हती. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, मग कातडी सुटली. व्यवस्थापकांनी तक्ता पुढं केला: दोन, चार, सहा, सगळ्या सह्या एकाच दमात केलेल्या. मी आवाज चढवला. मग आईला नर्सच्या टेबलासमोरची खाट मिळाली. हवेची गादी मी भाड्यानं आणली. जखम भरायला पाच आठवडे गेले.

सांगितलेले पैसे ३२ हजार. डायपर, डॉक्टरांची फेरी, फिजिओ धरून बिल ४१ हजारांवर जातं. न झालेल्या चार फिजिओंचे पैसे लावले होते. वही दाखवल्यावर निमूट वजा केले. सरकारच्या दयानंद पेन्शन योजनेचे महिन्याचे दोन हजार डायपरलाही पुरत नाहीत. ‘आईला आश्रमात टाकलंस?’ म्हणणाऱ्या मामीनं परवा हळूच फोन नंबर मागून घेतला.

पाचपैकी तीन तारे, तेही त्या दोन मुलींचे. आईला तिथंच ठेवली आहे. भेटीची वेळ चार ते सहा. मी मात्र औषधं द्यायच्या निमित्तानं रात्री साडेनऊला जातो.