फिरत्या स्टुडिओतला 32-बिट फ्लोट रेकॉर्डर : काही महिन्यांच्या वापरानंतर

लोकसंगीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या स्वतंत्र कलावंतांच्या घरी जाऊन मुद्रण करायचं, म्हणून हा सहा इनपुटांचा पोर्टेबल रेकॉर्डर घेतला. 1933 मध्ये जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स हे बापलेक अमेरिकेत याच कामासाठी मोटारीत सुमारे 315 पौंडांचं यंत्र घालून हिंडले. माझं यंत्र खांद्यावरच्या पिशवीत मावतं, त्यामुळे वजनाबद्दल कुरकुर करायला तोंड नाही.

32-बिट फ्लोट म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा, दोन्ही आवाज न फाटता साठवणारी मुद्रणाची पद्धत. तिच्यामुळे गेनची, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा याची, धास्ती गेली, हे शंभर टक्के खरं. लेव्हल बघायला ‘जरा जोरात गा बघू’ म्हटलं की माणूस अवघडतो. आता ते म्हणावंच लागत नाही. गुणगुणणारा गायक मध्येच तार सप्तकात गेला, तरी टेक वाया जात नाही. मात्र जाहिरातींवर फार विसंबू नका. आवाज माइकमध्येच फाटला तर पुढे काही उपाय नाही. प्रीअँपची, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाची, सरसरही फ्लोटने कमी होत नाही. रिबन माइकचं (आत धातूची पातळ पट्टी असलेला माइक) आउटपुट मुळात कमी; त्यावर हळू वाद्य घेतलं की ती ऐकू येतेच.

खरं काम माइक लावण्यात आहे. गाता गाता वाजवणाऱ्यासाठी मी दोन फिगर-8 माइक वापरतो. हा माइक पुढून-मागून ऐकतो, कडेने बहिरा असतो. एकाची बहिरी बाजू वाद्याकडे, दुसऱ्याची तोंडाकडे ठेवली की दोन्ही ट्रॅक बऱ्यापैकी वेगळे मिळतात. कलावंताला हेडफोन देत नाही. ते घातले की गाणं आक्रसतं.

पंखा, फ्रिज बंद करावेच लागतात. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय निघता येत नाही. ही रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे.

फँटम पॉवर (रेकॉर्डरने माइकला पुरवलेली वीज) चालू असली की बॅटरी भराभर उतरते, पॉवर बँक हवीच. 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला 48 हजार नमुने) एक ट्रॅक तासाला सुमारे 690 एमबी खातो. सहा ट्रॅकची एकत्र फाइल तासाहून थोडी लांबली की साध्या वेव्ह (WAV) फाइलची 4 जीबीची मर्यादा ओलांडते, मग रेकॉर्डर तिचे तुकडे करतो. जोडताना कंटाळा येतो, एवढंच. मूळ फाइल्सची प्रत कलावंताला देऊनच निघतो, त्यासाठी वेगळी ड्राइव्ह ठेवा.

एकट्याने सगळं सांभाळत असाल तर फ्लोट घ्या. लेव्हल बघायला सोबत कुणी असेल तर नेहमीचं 24-बिट मुद्रणही पुरतं. वाचलेले पैसे माइकवर घाला.