वर्गातली ऑनलाइन साधनं: बाकावरून केलेली पारख

विद्यार्थ्याच्या बाकावरून पाहिलं तर ऑनलाइन साधन एकाच प्रश्नावर पारखावं लागतं: आपलं कुठं चुकलं, हे धडा डोक्यात ताजा असताना कळतं का? कागदाची बचत झाली, हजेरी सोपी झाली, अहवाल वेळेत गेला, हे सगळं चांगलंच. पण जुलैत सोडवलेल्या गणितातली चूक चवथीची सुटी संपल्यावर कळली, तर तोवर पुढचे दोन धडे त्याच चुकीवर उभे राहिलेले असतात. शिवाय गोव्यात दोन गोष्टी विसरून चालत नाही. एक म्हणजे मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात जाणारी मुलं. दुसरी म्हणजे सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात जाणारी वीज आणि तिच्यामागोमाग जाणारी रेंज.

गूगल क्लासरूम २०१४ साली आलं. सूचनाफलक, गृहपाठाची वही आणि गुणपत्रक एकाच जागी, अशी त्याची रचना. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो फाइल जोडताना. शिक्षक असाइनमेंट लावतात तेव्हा फाइलपुढे तीन पर्याय येतात: मुलांनी फक्त पाहायची, सगळ्यांनी एकाच फाइलमध्ये लिहायचं, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र प्रत. आपोआप निवडलेला असतो तो पहिला, म्हणून ‘फाइल उघडते पण लिहिता येत नाही’ ही तक्रार येते. घाईत दुसरा निवडला तर ४० जण एकाच पानावर लिहायला बसतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातून पुसलं जातं. सरावपत्रिकेला तिसराच पर्याय हवा, आणि तो ‘असाइन’ दाबण्याआधीच निवडायला हवा. नंतर लक्षात आलं तर असाइनमेंट नव्यानं लावावी लागते.

मुलांच्या बाजूनं होणारी चूक वेगळी असते. फाइल जोडली की काम दिलं, असा समज असतो. प्रत्यक्षात ‘टर्न इन’ दाबल्याशिवाय ते काम दिलेलं धरलं जात नाही. एकदा दाबल्यावर डॉक्युमेंटमध्ये बदल करता येत नाही, त्यासाठी ‘अनसबमिट’ करावं लागतं. मुदत उलटल्यावर असं मागे घेऊन पुन्हा दिलं, तर पहिल्या खेपेला वेळेत दिलेलं असूनही त्यावर उशिराची नोंद पडते. म्हणून शेवटच्या दिवशी एखादी वेलांटी सुधारायला काम मागे घेण्यापेक्षा शिक्षकांना प्रायव्हेट कॉमेंटमध्ये कळवलेलं बरं. ती फक्त त्या दोघांनाच दिसते. क्लास कॉमेंट मात्र सगळा वर्ग वाचतो, आणि लाजाळू मुलांच्या शंका तिथं कधीच येत नाहीत.

आता मूळ कसोटीकडे. शिक्षकांनी गुण भरले तरी ‘रिटर्न’ दाबेपर्यंत ते मुलांना दिसत नाहीत. सगळ्या वर्गाचं तपासून झाल्यावर एकदम परत करायचं, ही वहीच्या काळातली सवय इथंही चालू राहते आणि तपासलेलं काम आठवडाभर पडून राहतं. पाच जणांचं तपासलं की पाच जणांचं परत करता येतं. नेहमीच्या चुकांवरचे शेरे कॉमेंट बँकेत साठवले तर ‘एकक लिहिलं नाही’ हे ४० वेळा टाइप करावं लागत नाही. हे साधन चांगलं आहे, पण त्याचा चांगुलपणा या एका बटणावर अवलंबून आहे.

वहीत सोडवलेलं गणित पाठवायचं तर सुटे फोटो नकोत. गूगल ड्राइव्हच्या अँड्रॉइड ॲपमध्येच स्कॅनची सोय आहे. सगळी पानं क्रमानं घेऊन एकच पीडीएफ होते. पान खिडकीशी, दिवसाच्या उजेडात ठेवावं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली फोन धरला की त्याचीच सावली नेमकी शेवटच्या ओळींवर पडते. पेन्सिलीपेक्षा निळं किंवा काळं पेन स्पष्ट उमटतं. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच तर फोटो म्हणून पाठवू नये, कारण तो दाबून लहान केला जातो आणि घातांकाचे आकडे वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

चाचणीसाठी गूगल फॉर्म्स हे इथल्या साधनांत मला सगळ्यात उपयोगी वाटतं. सेटिंगमध्ये ‘क्विझ’ चालू केलं की गुण लगेच दाखवायचे की शिक्षकांनी पाहिल्यावर, हे ठरवता येतं. बहुपर्यायी चाचणीला ‘लगेच’ हेच योग्य. त्याहून मोलाची सोय उत्तरसूचीत दडलेली आहे: बरोबर आणि चूक उत्तरासाठी वेगवेगळा शेरा लिहिता येतो, सोबत दुवाही देता येतो. ‘चूक’ एवढंच कळण्यापेक्षा ‘तू त्रिज्येऐवजी व्यास घेतलास’ असं वाचायला मिळालं, तर मूल त्याच क्षणी वही उघडतं. बहुतेक चाचण्यांत ही जागा रिकामी असते, आणि ते पाहून वाईट वाटतं. दहा प्रश्नांचे शेरे लिहायला अर्धा तास लागतो, पण ते पुढच्या वर्षीच्या वर्गालाही उपयोगी पडतात.

फॉर्म्समध्ये बिघडतं ते लघुउत्तरांत. तपासणी अक्षर जुळवून होते. उत्तरसूचीत ‘5’ असेल आणि मुलानं ‘५’ लिहिलं, तर उत्तर चूक ठरतं. ‘५ मीटर’, ‘५ मी.’, ‘पाच मीटर’ हीदेखील त्याच्या लेखी वेगवेगळी उत्तरं. उपाय दोन आहेत. उत्तरसूचीत सगळी संभाव्य रूपं भरावीत, किंवा प्रश्नातच ‘फक्त संख्या, इंग्रजी अंकांत’ अशी सूचना द्यावी. पर्यायांचा क्रम आपोआप बदलायची सोय कॉपी टाळायला चांगली आहे, पण ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय त्या सोयीमुळे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतो आणि त्याला अर्थ उरत नाही. तिथं ‘हे सर्व पर्याय’ असं लिहावं. उताऱ्यावरचे प्रश्न असतील तर प्रश्नांचा क्रम मुळीच बदलू देऊ नये. जुनी मराठी प्रश्नपत्रिका युनिकोड नसलेल्या फाँटात असेल, तर फॉर्ममध्ये चिकटवल्यावर तिची निरर्थक अक्षरं होतात. आधी जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून घ्यावी आणि मग जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासावेत. वीज गेली तर काय? गूगल खात्यात साइन इन करून फॉर्म भरत असाल तर अर्धवट उत्तरं मसुदा म्हणून ३० दिवस राहतात. साइन इन नसेल तर पहिल्यापासून सुरुवात.

काहूट म्हणजे वेळ लावून खेळायची प्रश्नमंजूषा. तिनं वर्गात जान येते, हे खरं आहे. पण बरोबर उत्तराचे गुण वेळेबरोबर घटत जातात, म्हणून विचार करून उत्तर देणारा मागे पडतो. आपोआप ठरलेली वेळ २० सेकंदांची असते. इंग्रजी प्रश्न वाचून मनात मराठीत मांडणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलाला ती पुरत नाही. वेळ वाढवता येते, आणि वाढवावीच. उजळणीला ठीक, नव्या पाठाला नको, असं माझं मत आहे.

याउलट प्लिकर्सकडे शाळांनी जरूर लक्ष द्यावं. त्यात मुलांना फोन लागतच नाही. प्रत्येकाच्या हाती एक छापील कार्ड, त्यावर काळ्या चौकोनी ठिपक्यांची नक्षी, चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं. ज्या उत्तराचं अक्षर वर येईल तसं कार्ड उभं धरायचं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. नेट फक्त शिक्षकांच्या फोनला लागतं. अक्षर इतकं बारीक असतं की शेजारच्याला डोकावूनही दिसत नाही. पथ्यं दोन-तीन. कार्ड जाड कागदावर छापावं. चकचकीत लॅमिनेशन केलं तर खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. बोटं नक्षीवर येऊ नयेत. कार्डांची अदलाबदल झाली तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर जातं, म्हणून क्रमांक हजेरीपटाशी जुळवून तेच कार्ड वर्षभर ठेवावं. अर्धा वर्ग चुकला हे दोन मिनिटांत कळतं आणि शिक्षक तिथंच थांबून पुन्हा समजावू शकतात. कसोटीला याहून खरं उतरणारं दुसरं साधन मला दिसत नाही.

विज्ञानासाठी फेट, म्हणजे पडद्यावर हातानं हलवून पाहायच्या प्रयोगांच्या प्रतिकृती. कोलोराडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेला हा प्रकल्प मोफत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती मराठीतही आहेत. दहावीच्या विद्युतधारेच्या पाठाला परिपथ जोडणीची प्रतिकृती घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन दिवे. एकसरीत जोडले तर धारा ०.४५ ॲम्पिअर, समांतर जोडले तर प्रत्येक दिव्यातून ०.९. आकडे पाहण्याआधी प्रत्येकानं अंदाज वहीत लिहायचा, ही अट शिक्षकांनी घालावी. ती नसली तर मुलं बॅटरी वाढवत ज्वाळा काढत बसतात आणि तास संपतो. एकदा मराठीत आणि मग तीच प्रतिकृती इंग्रजीत उघडली की ‘रोध’ आणि ‘रेझिस्टन्स’ एकच आहे हे वेगळं घोकावं लागत नाही. माध्यम बदलून आलेल्या मुलांना याचा फार आधार वाटतो.

भूमितीला जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर आकृत्या काढायचं साधन. तिथं एक खूण लक्षात ठेवावी: आकृती काढून झाली की शिरोबिंदू ओढून पाहा. मध्यबिंदू नजरेनं ठेवला असेल तर तो मध्यावर राहत नाही; मध्यबिंदूच्या साधनानं काढला असेल तर कितीही ओढा, मध्येच राहतो. रचना आणि चित्र यांतला फरक फळ्यावर इतका स्पष्ट दाखवता येत नाही. कधी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०.०१ दिसते आणि मुलं गोंधळतात. ती चूक प्रमेयाची नसते. दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन केल्यामुळे तसं होतं. सेटिंगमधून दशांश स्थळं वाढवता येतात.

नेटचं काय, तर जे उतरवून ठेवता येतं ते शाळेच्या वायफायवर, घरची कदंब बस पकडण्याआधी उतरवून घ्यावं. फेट आणि जिओजेब्रा दोन्ही नेटशिवाय चालतात. ड्राइव्हमधली फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवता येते. २०१७ साली आलेल्या दीक्षा या सरकारी शालेय ॲपमधले पाठही उतरवता येतात, आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड कॅमेऱ्याला वाचता आला नाही तर त्याखालचा सहा अक्षरांचा कोड हातानं टाकता येतो. शिक्षकांनी मुदत रात्री ११:५९ ऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारची ठेवली, तर घरी रेंज नसलेलं मूल शाळेत येऊन काम देऊ शकतं. एवढ्या एका बदलानं कितीतरी मुलांच्या नावापुढची उशिराची नोंद टळेल.

शेवटी साठवणीबद्दल. गूगलचा जॅमबोर्ड फळा कितीतरी वर्गांत वापरात होता. ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला, आणि त्यातली आकृत्यांची पानं त्या फळ्यावर उघडता येईनाशी झाली. शाळेनं दिलेलं खातंही दहावीनंतर बंद होऊ शकतं. त्याआधी गूगल टेकआउटमधल्या (खात्यातली माहिती बाहेर काढायच्या सेवेतल्या) ट्रान्सफरच्या सोयीनं ड्राइव्ह आणि जीमेल स्वतःच्या खात्यात हलवावं. वैयक्तिक खात्यात जागा १५ जीबी असते आणि ती फोटोंनी भरलेली असते, म्हणून आधी ती मोकळी करावी. आणि शिक्षकांकडे अडकलेली कामं ‘रिटर्न’ करून घ्यावीत, निकालाच्या गडबडीआधीच.