नव्या घराचे कार्पेट: आधी अंडरले, मग रंग

ब्रिटनमध्ये नवे बांधलेले घर ताब्यात येण्याच्या सुमारास कार्पेटची निवड करावी लागते, तेव्हा घरातल्या सगळ्यांची चर्चा रंगावर होते आणि अंडरले मात्र दुकानदार सुचवेल तो घेतला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. अंडरले म्हणजे कार्पेटखाली अंथरायचा फोमचा, रबराचा किंवा नमद्यासारखा थर. तो घराची जमीन, दारांखालची फट आणि हीटिंग या तिन्हींशी जुळावा लागतो, आणि तो ठरल्यावर जेवढी जाडी उरेल तेवढ्यात बसणारे कार्पेट निवडावे.

सर्वांत आधी जमीन वाळली आहे की नाही ते पाहावे. तळमजल्यावर सिमेंट आणि वाळूचा जो थर, म्हणजे स्क्रीड, घातलेला असतो, तो पहिल्या 50 मिलिमीटरपर्यंत दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाळतो आणि त्यापुढे गती निम्म्यावर येते. त्यामुळे 65 मिलिमीटरच्या स्क्रीडला चांगल्या हवेतसुद्धा किमान 80 दिवस लागतात, आणि दमट हिवाळ्यात त्याहून अधिक. वरून हात लावून कोरडेपणा कळत नाही. आर्द्रतामापकाचा आकडा 75 टक्के किंवा त्याखाली आहे, हे बिल्डरकडून लेखी घ्यावे. ओल राहिली तर अंडरले कुबट वास धरतो, आणि तो वास कार्पेट धुऊन जात नाही.

दुसरा प्रश्न हीटिंगचा. भिंतीवर रेडिएटर असतील तर उबदार, जाड अंडरले फायद्याचाच ठरतो. जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतील तर मात्र कार्पेट आणि अंडरले मिळून उष्णतारोध 2.5 टॉगपेक्षा जास्त नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. जाड फोमच्या अंडरलेचा टॉग एकट्याचाच अनेकदा दोनच्या पुढे जातो. त्यावर दाट लोकरीचे कार्पेट घातले की खोली तापायला फार वेळ लागतो आणि बिल वाढते. दोन्हींचे टॉग आकडे दुकानात मागून स्वतः बेरीज करावी. शिवाय कार्पेटची कड धरून ठेवणाऱ्या ग्रिपर पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या की चिकटवायच्या, हेही फिटरशी आधी बोलून ठेवावे, कारण पाइप खिळ्यांपासून फार खोल नसतात.

आता अंडरलेची तुलना. फोम, म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) अंडरले, हलका, पायाला मऊ आणि आवाज शोषणारा असतो. तो 8 ते 11 मिलिमीटर जाडीत सर्रास मिळतो आणि बेडरूमसाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. रबरचुऱ्याचा अंडरले, जो बहुधा जुन्या टायरांपासून बनतो, जड आणि पातळ असतो; पाऊल ठेवल्यावर तो ऐषारामी वाटत नाही, पण तो सहजासहजी दबत नाही आणि उष्णताही फारशी अडवत नाही. जिना, हॉल आणि पाइप असलेला तळमजला यांसाठी तोच योग्य. नमद्याचा अंडरले विणलेल्या महाग कार्पेटखाली शोभतो. सामान्य कुटुंबाला त्याची गरज क्वचितच पडते. आमच्या घरी संपूर्ण मजल्याला एकच मऊ फोम घातला गेला, आणि हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाणारी वाट दोन वर्षांत खोलगट झाली, तर बेडरूममध्ये तोच फोम आजही उत्तम आहे. म्हणून सगळ्या घराला एकच अंडरले, हा सोयीचा प्रस्ताव स्वीकारू नये.

कार्पेटमध्ये खरी निवड 80 टक्के लोकर आणि 20 टक्के नायलॉन असलेले कार्पेट आणि पूर्ण पॉलिप्रॉपिलीनचे कार्पेट यांत होते. लोकरीची लव दबली तरी पुन्हा उभी राहते, ती हवेतला ओलावा धरते आणि सोडते, आणि ठिणगी पडली तर वितळत नाही. ज्या घरात देवापुढे निरांजन आणि उदबत्ती रोज लागते, तिथे या शेवटच्या गुणाला महत्त्व आहे: लोकरीवर निखारा पडला तर टोके करपतात आणि ती कात्रीने छाटता येतात, पॉलिप्रॉपिलीन मात्र साधारण 165 अंशांना वितळते आणि तिथे कायमचा कडक डाग उरतो.

हळदीच्या बाबतीत पारडे फिरते. हळद हा लोकरीचा जुना रंगच आहे. आमटी सांडली आणि लगेच टिपली नाही, तर लोकर ती आपलीशी करते. तिथे ब्लीच चालत नाही, कारण ते लोकरच विरघळवते, आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याने डाग तांबडा होतो. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यात रंग वितळलेल्या अवस्थेतच मिसळलेला असतो, म्हणून त्यावर डाग खोल जात नाही आणि अनेक उत्पादक पाणी मिसळलेले ब्लीचही वापरू देतात. तेलाचे मात्र तसे नाही: फोडणीचे थेंब त्याला धरून राहतात आणि त्यावर धूळ बसते. लव दबली की ती फारशी वर येत नाही. पूर्ण नायलॉन टिकायला सर्वांत चिवट, पण डागरोधक प्रक्रिया नसेल तर हळदीपुढे तोही हतबल.

लहान मुले जमिनीवर बसून जेवतात, त्या खोलीत मी पॉलिप्रॉपिलीन घेईन. देवघराचा कोपरा, बेडरूम आणि जिन्यावर लोकर घेईन. पलंगाखाली कधीच झाडले जात नसेल तर लोकरीला कसर लागते, हे मान्य करूनच हा निर्णय घ्यावा. वयस्कर आई-वडील येऊन राहणार असतील, तर जिन्यावर आखूड, दाट लव घ्यावी. जाड मऊ थरामुळे पायरीची कड गोल होते आणि पाऊल घसरते.

खर्च चौरस मीटरच्या दरावरून मोजू नये. कार्पेट 4 किंवा 5 मीटर रुंदीत मिळते, 4.2 बाय 5.2 मीटरच्या खोलीला 5 मीटर रुंदीचे कार्पेट 5.3 मीटर लांब कापून घेतले, तर 26.5 चौरस मीटर लागते, खोली मात्र 22 चौरस मीटरचीही नाही. बिल्डरने घराच्या किमतीतच कार्पेट देऊ केले असेल, तर त्या रकमेवर गृहकर्जाचे व्याज वर्षानुवर्षे भरावे लागेल, हेही हिशेबात धरावे.

दारांसाठी जाडीची बेरीज करावी: 11 मिलिमीटर अंडरले आणि 12 मिलिमीटर कार्पेट म्हणजे 23 मिलिमीटर. साधे दार खालून तासता येते, पण तीन मजली घरातली किंवा घराला जोडलेल्या गॅरेजकडची अग्निरोधक दारे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपलीकडे तासता येत नाहीत.

फिटर येण्याच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर, विशेषतः दाराशी आणि पलंगाच्या जागी, अनवाणी चालून पाहावे आणि फळ्या जिथे करकरतात तिथे खडूने खूण करावी. एनएचबीसी या नव्या घरांना वॉरंटी देणाऱ्या संस्थेचे संरक्षण असलेल्या घरात पहिल्या दोन वर्षांतले दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची असते, पण एकदा कार्पेट ताणून बसवल्यावर त्याच फळीला दोन स्क्रू मारण्यासाठी अख्खी खोली उचकटावी लागते.