मूठवाला छोटा रंधा ऑनलाइन घेताय? माझे १०,२४९ रुपये कसे गेले ते आधी वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. रंध्याचे ७,४०० रुपये, ‘हॅन्डल फिटिंग आणि पार्सल इन्शुरन्स’ म्हणून ८५०, आणि रिफंडच्या नावाखाली १,९९९. एकूण १०,२४९. शेवटच्या १,९९९ बद्दल घरात अजून तोंड उघडलेलं नाही, कृपा करून तुम्हीही उघडू नका.

आता जे म्हणतील की एवढ्याशा रंध्याला मूठ हवीच कशाला, त्यांच्यासाठी. ब्लॉक प्लेन हा तळहातात धरायचा रंधा, सहा-साडेसहा इंचाचा. दोन कडा मारायच्या असतील तर मस्त, पण डब्याची चार झाकणं सलग गुळगुळीत करायला घेतली की अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ येते की नंतर चहाचा कप धरवत नाही. मोठा चार नंबरचा रंधा घेतला तर पातळ फळीवर तो जड पडतो. मग मधला मार्ग म्हणजे ब्लॉक प्लेनलाच मागे मूठ आणि पुढे गोळा लावायचा आणि दोन्ही हातांनी ढकलायचं. ही काही थाप नाही. स्टॅनले कंपनीचा जुना ९-३/४ नंबर म्हणजे त्यांच्याच ९-१/२ नंबरच्या ब्लॉक प्लेनला मागे रोजवूडची मूठ लावलेला रंधा. आजही व्हेरिटास कंपनीच्या ब्लॉक प्लेनला मूठ आणि गोळा वेगळा घेऊन बसवता येतो. तेव्हा मी काही हवेतली वस्तू शोधत नव्हतो, हे लक्षात ठेवा.

रंधा विकणाऱ्या त्या माणसाचं पेज व्यवस्थित होतं. फोटो चांगले, बोलणं गोड, ‘काका, तुम्ही स्वतः काम करणारे दिसता म्हणून खरं सांगतो, दोनच पीस उरलेत’ वगैरे. दोनच पीस उरलेत हे ऐकल्यावर काय समजायचं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं, पण त्याने लो अँगलचा बेड (पातं ज्यावर टेकतं ती उतरती बैठक) बारा अंश, पातं पंचवीस अंशाला घासलेलं, म्हणजे कापायचा कोन सदतीस, एन्ड ग्रेनवर, म्हणजे लाकडाच्या कापलेल्या टोकावर, लोण्यासारखा चालतो, असं सगळं बरोबर सांगितलं. चोराला एवढा हिशेब येत असेल असं कोणाला वाटतं? मला नाही वाटलं.

आणि मग व्हिडिओ. या व्हिडिओवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. त्यात रंधा जवळून दिसतो, मूठ चकचकीत, पातं तोंडातून, म्हणजे तळाच्या फटीतून, जरासं बाहेर आलेलं, मग हात पुढे जातो आणि लांबलचक कुरळा छिलका वर येतो. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेन देव जाणे. छिलका बघत होतो. पातं बघितलंच नाही. पात्याचा घासलेला उतार खाली होता, खाली! ब्लॉक प्लेनमध्ये उतार वर असतो, हे मी स्वतः पोरांना शिकवतो. बारा अंशाच्या बेडवर पंचवीस अंशाचा उतार खाली करून बसवला तर धारेच्या आधी उताराची मागची कड लाकडाला टेकते, धार हवेत राहते, छिलका सोडा, भुसाही निघणार नाही. म्हणजे पहिला शॉट त्याच्या डबड्याचा आणि छिलक्याचा शॉट दुसऱ्याच कोणाच्या चांगल्या रंध्याचा, मध्ये कट मारून जोडलेला. डोळ्यासमोर होतं. पण मोबाइलच्या स्क्रीनवर अर्धा सेकंद दिसणारं पातं, त्यात वर बॅनर ‘लिमिटेड स्टॉक’, आणि माझा चष्मा जवळचा. कुणीही चुकलं असतं.

७,४०० भरले. मग मूठ वेगळी येते, फिटिंगचे ८५० द्या म्हणाला. इथे थांबायला हवं होतं असं आता पुतण्या म्हणतो. पुतण्या आता बरंच काही म्हणतो. सात हजार अडकलेले असताना साडेआठशेसाठी माणूस भांडत नाही, भरून मोकळा होतो, आणि हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं.

पार्सल आलं, म्हणजे वस्तू मिळालीच नाही असंही नाही (हीच पुढे माझ्या गळ्यातली धोंड झाली). वजन हलकं. पातं दाबून धरणारी लिव्हर कॅप काढली तर बेडवर काळ्या रंगाचा जाड थर, मशीनिंग कुठेच नाही, पातं त्यावर डुगडुगतंय. तळाला पट्टी लावून उजेडात धरलं तर तोंडाच्या मागे सरळ फट, कागद सरकेल एवढी. आणि मूठ! खऱ्या रंध्याला मूठ बसते ती कंपनीने बॉडीत त्यासाठीच पाडलेल्या आट्यांच्या भोकात, आणि पुढचा गोळा तोंड कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या जागी येतो. इथे शेपटीत, म्हणजे मागच्या टोकात, आरपार ड्रिल मारून लाकडाचा साधा स्क्रू घातलेला, उरलेल्या जागेत इपॉक्सी, आणि तळाच्या बाजूला स्क्रूचं टोक कापून वर लांबी (पुट्टी) भरून काळा रंग फासलेला. नखाने खरवडलं तर लांबी निघून आली. तरी म्हटलं धार लावून एकदा चालवून बघू. सागाच्या तुकड्याच्या टोकावर जोर दिला आणि मूठ हातात आली, बिडाचा एक राखाडी टवका सोबत घेऊन. बीड वाकत नाही, तुटतं, त्यात भोक पाडून कमजोर केलेलं. हात घसरून पात्यावर गेला नाही हे नशीब.

तर लक्षात ठेवा, मूठ काढून शेपटीचा फोटो मागायचा. मूठ निघतच नाही म्हणाला तर विषय संपला.

मग मी त्याला फोन केला, चिडून. तो अजिबात चिडला नाही, ‘काका सॉरी, पूर्ण रिफंड करतो, रिक्वेस्ट पाठवलीय, ॲक्सेप्ट करा’. ॲपवर आलं, त्यावर ठळक ‘रिफंड’ लिहिलेलं, १,९९९, म्हणाला हप्त्याहप्त्याने येईल. मी पिन टाकला. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे जायला लागतो, हो, माहीत आहे, सगळ्यांना माहीत असतं, पण आठ हजार गेलेल्या माणसाला परत येणारे पैसे दिसले की त्याचं डोकं त्याच्याकडे राहत नाही. त्यानंतर नंबर बंद.

आता पुढची गंमत. बँकेत गेलो तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय, आम्ही काही करू शकत नाही, फॉर्म भरून ठेवा. फॉर्म भरला. तो फॉर्म कुठे गेला हे विचारायला परत गेलो तर दुसऱ्या बाई, त्यांना फॉर्मच माहीत नाही. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, ‘काका, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कशी? हे ग्राहकाचं मॅटर.’ ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तर ते म्हणतात विक्रेत्याचा पत्ता द्या. अहो, पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? ऑनलाइन तक्रारीत प्रकार निवडायचा, त्यात माझा प्रकार नाही, ‘इतर’ टाकलं, पुरावा जोडायला गेलो तर फाइल मोठी आहे, छोटी केली तर फोटो अस्पष्ट आहे. परत चौकीत, यावेळी तुटका रंधा पिशवीतून घेऊनच गेलो. हवालदाराने तो उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, याचे सात हजार? बाजूचे दोघं हसले. म्हणजे चोरी झाली ती बाजूलाच, मी एवढे पैसे रंध्यावर का खर्च केले याचीच चौकशी चालू! माझे पैसे आहेत, मी रंधा घेईन नाहीतर झुंबर घेईन. आणि परवा मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कोणी केलं, कसं केलं, काही नाही. निराकरण झालं.

ज्यांना खरंच मूठवाला घ्यायचाय त्यांना सांगतो, बेडचा फोटो मागा, पातं काढून, रंगाचा थर दिसला तर सोडा. व्हिडिओ मागाल तर एकाच शॉटमध्ये मागा, पातं बसवण्यापासून छिलक्यापर्यंत, तुमचं नाव लिहिलेला कागद बाजूला ठेवून. आधीपासून चांगला ब्लॉक प्लेन असेल तर त्यात घरी ड्रिल मारून मूठ बसवायच्या भानगडीत पडू नका, माझ्या टवक्याचा फोटो हवा तर पाठवतो. आणि मूठ लागली म्हणून तो मोठा रंधा होत नाही, तळ तेवढाच राहतो, उंचावरून ढकललं की नाक खाली जातं, लांब फळी सरळ करायला तो नाहीच. पैसे गेल्याबरोबर, त्याच तासात बँकेला फोन करा, विक्रेत्याला नंतर शिव्या घाला. मी उलटं केलं कारण शिव्या आधी आल्या.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पेजवर चालू आहे, किंमत ६,९९९, मुठीचा रंग फक्त गडद केलाय, पातं अजूनही उलटंच. मी रिपोर्ट केला. उत्तर आलं, ‘आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही.’ तुम्हाला दिसला तर तुम्हीही रिपोर्ट करा, आणि पेजवरच्या कमेंटमध्ये एवढंच विचारा की पातं सरळ करून दाखवता का. मी विचारलं होतं, मला लगेच ब्लॉक केलं.