इंग्रजीची परीक्षा: लेखी पेपर की कीटकनाशकाचं लेबल?

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. परीक्षेत मात्र रिकाम्या जागा आणि पाठ केलेला निबंध. लेखी पेपर तपासायला सोपा. स्पेलिंग-व्याकरण त्यात नीट कळतं.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. कपाशीवर फवारायच्या औषधाच्या लेबलची, माहितीपत्रकाच्या इंग्रजी भागाची काळी-पांढरी झेरॉक्स द्यायची. (औषध किती विषारी ते दाखवणाऱ्या त्रिकोणाचा लाल रंग दिसत नाही, मग वाचावंच लागतं.) पंपाला किती औषध, अंगावर सांडलं तर काय करायचं, हे पोरीनं घरच्यांना सांगतात तसं वऱ्हाडीत सांगावं. मात्रा चुकली की गुण गेले; उच्चार अडखळला तर चालेल. वेळ फार जातो, खरंय. तरी २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गमावलेल्या यवतमाळात घटक चाचणीला हेच हवं. लेखी पेपर सहामाहीपुरता ठेवा.