कासदाहासाठी दुधाची कल्चर + पीसीआर टेस्ट केली, त्याचा अनुभव (५ पैकी ३.५)

आमच्या एका गायीचं मागचं उजवं सड तिसऱ्यांदा बिघडलं. दर वेळी सडात औषधाच्या ट्यूबा सोडल्या की चार-पाच दिवसात दूध स्वच्छ दिसायचं आणि महिना-दीड महिन्यात परत पहिल्या धारेला बारीक गाठी, शेवटी डॉक्टर म्हणाले आता अंदाजाने औषध बास, दूध लॅबला पाठवा. म्हणून कल्चर (दुधातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायचे) आणि सोबत जीनवालं पॅकेज, म्हणजे जंतूचे जीन शोधणारी पीसीआर, घेतलं.

सॅम्पल नीट घ्या हो, सगळं त्यावर आहे. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासायचं, बोळा पांढरा राहीपर्यंत, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या, बाटली आडवी धरायची म्हणजे वरनं केस-धूळ पडत नाही आणि लगेच बर्फात. माझी पहिली बाटली बाद झाली, तीनचार प्रकारचे जंतू उगवले म्हणून, चूक माझीच, झाकण उघडंच खाली ठेवलं होतं.

दुसऱ्या वेळी निघाला स्टॅफ ऑरियस, कासदाह करणारा एक जंतू. रिपोर्टात न्यूक जीन पॉझिटिव्ह, म्हणजे ऑरियसच हे पक्कं. पुढे क्लफ-ए आणि एफएनबी-ए, हे कासेच्या आत चिकटायला, आयका-ए आणि आयका-डी, हे बायोफिल्म म्हणजे जंतू स्वतःभोवती जो चिकट थर करतात त्यासाठी, आणि एचएलए, ते पेशी फोडणारं विष. हा अर्थ मला डॉक्टरांनी सांगितला, लॅबने नुसती नावं आणि समोर प्लसची खूण दिली होती, एवढे पैसे घेऊन एक ओळ समजावून लिहायला काय हरकत होती? मी तर घाबरूनच गेलो की आपल्याकडे जंतूची काहीतरी भयंकर जात आली.

तसं नाही. यातले बरेच जीन गायीच्या ऑरियसमध्ये सर्रास सापडतात, आणि जीन आहे म्हणजे तो त्या वेळी काम करतोयच असंही नाही. उपचार ठरला तो दुसऱ्याच दोन गोष्टींवर, ब्ला-झेड हा जीन पॉझिटिव्ह म्हणजे पेनिसिलिन चालणार नाही आणि कल्चरवरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्या जंतूवर कोणतं औषध चालतं त्याची टेस्ट. तीनदा आम्ही कोणतं औषध सोडलं होतं ते आठवून वाईट वाटलं, बिचारीला फुकट त्रास.

म्हणून एकाच गायीसाठी कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी पुरे. जीनचं पॅकेज गोठ्यात बऱ्याच गायी एकदम बिघडल्या, सगळ्यांत जंतूची एकच जात फिरतेय का ते बघायचं असेल तर घ्या, तेही डॉक्टरांना विचारून. आणि एक निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका, ऑरियस दुधात रोज उतरत नाही, थोड्या दिवसांनी परत सॅम्पल द्या. पीसीआर तर मेलेले जंतूही दाखवते, त्यामुळे औषध संपल्या संपल्या केली तर उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

तिची धार आता सगळ्यात शेवटी काढतो, कास पुसायचं फडकं वेगळं, भाकड काळात लांब मुदतीच्या ट्यूबा सोडायचं ठरलंय.