कोकमाची बिअर आणि तिची पुणेरी ब्रुअरी: ग्रेट स्टेट एलवर्क्स

ग्रेट स्टेट एलवर्क्स ही ब्रुअरी मला पुण्यातल्या इतर सर्व ब्रुअऱ्यांपेक्षा अधिक आवडते, आणि या पसंतीचे बरेचसे श्रेय तिच्या एकाच बिअरला आहे. त्या बिअरचे नाव ‘सॉल्टेड कोकम’. नाव वाचून कोणालाही वाटेल की हा फळांच्या चवीची बिअर काढण्याच्या चालू हौसेचाच एक नमुना असावा. प्रत्यक्षात ती त्या हौसेला दिलेले अतिशय विचारपूर्वक उत्तर आहे, असे माझे मत आहे, आणि ते मत मी येथे जरा विस्ताराने मांडणार आहे.

पुणेकर बिअरप्रेमींना निवडीला तोटा नाही. 2009 साली कोरिंथियन्स हॉटेलच्या आवारात डूलाली सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे लहान प्रमाणावर बिअर बनवणारी ब्रुअरी. पुढे 2014 मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली, आणि बंगळुरूच्या टॉइटनेही कल्याणीनगरात बस्तान बसवले. इंडिपेंडन्सची चार धान्यांची सेझों (बेल्जियन धाटणीची कोरडी बिअर) आजही माझ्या आवडीची आहे. नकुल भोसले यांनी उभी केलेली ग्रेट स्टेट या सर्वांच्या मागून आली. मोठे रेस्टॉरंट थाटून त्यात बिअर विकण्यापेक्षा पिंपे भरून निवडक बारच्या नळांवर पोहोचवणारी ब्रुअरी म्हणूनच मी तिला ओळखतो. त्यामुळे तिच्याकडे दिव्यांची आरास नाही, शनिवारचा डीजे नाही. ग्राहकापर्यंत येते ती केवळ बिअर, आणि तिची परीक्षाही तेवढ्यावरच होते.

प्रादेशिक ब्रुअरी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. क्राफ्ट बिअरसाठी, म्हणजे लहान ब्रुअऱ्यांच्या बिअरसाठी, लागणारे मॉल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) बहुतेक ठिकाणी जर्मनीतून किंवा बेल्जियममधून येते, कडवटपणा देणारी हॉप्सची फुले जर्मनीतून आणि अमेरिकेतून येतात, आंबवण घडवणाऱ्या यीस्टचे वाणही परदेशी प्रयोगशाळांचे असतात. पाणी तेवढे खडकवासल्याचे, आणि तेही शुद्ध करून त्यात हवे ते क्षार पुन्हा मिसळूनच वापरले जाते. अशा बिअरला स्थानिक म्हणायचे ते कशाच्या जोरावर? बहुतेकांनी या प्रश्नाचे सोपे उत्तर शोधलेले आहे: उन्हाळा आला की आंबा घाला. मे महिन्यात पुण्यातल्या कोणत्याही बारमध्ये गेलात तरी एखाद्या नळावर आंब्याची बिअर असतेच, आणि अपवाद वगळता ती दोनच प्रकारची असते. एक तर आंब्याचा मागमूस नसलेली, नाहीतर बाजारातल्या आंब्याच्या शीतपेयाची आठवण करून देणारी.

हे असे का होते, याचे कारण बिअरच्या जन्मातच आहे. आंब्याची गोडी म्हणजे साखर, आणि साखर हे तर यीस्टचे अन्न. आंबवण सुरू असताना रस घातला की यीस्ट त्यातली साखर खाऊन तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकते, आणि निसटणाऱ्या वायूबरोबर फळाचा नाजूक सुवासही बराचसा उडून जातो. आमरसाला आमरस बनवणारी गोडी आणि वास या दोन्ही गोष्टी अशा रीतीने बिअरमधून वजा होतात, आणि मग ती उणीव भरून काढण्यासाठी शेवटी पल्प तरी ओतावा लागतो किंवा अर्क तरी.

कोकमाची गोष्ट निराळी आहे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीचे खरे बळ गोडीत नाही, सुवासातही फारसे नाही. ते आंबटपणात आहे. तिच्यातले प्रमुख आम्ल म्हणजे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, आणि यीस्टने साखर संपवली तरी फळाचा आंबटपणा मागे राहतो. म्हणजेच कोकम बिअरमध्ये जे काम करायला घातले जाते, ते काम पिंपातही आणि पेल्यातही चालूच राहते. आंबा बिअरला नाव देतो, कोकम तिला कणा देते. सॉल्टेड कोकम इतर फळांच्या बिअरपेक्षा वेगळी का लागते, याचे उत्तर मला तरी येथेच सापडले.

मिठाविषयीही तसेच म्हणता येईल. ही बिअर गोझे या जर्मन शैलीच्या वळणाची आहे. गोझे ही गव्हाची आंबट बिअर. तिचे मूळ गोस्लार गावाचे, परंतु ती वाढली आणि नावाजली लाइपझिग शहरात. तिच्यात मीठ आणि धणे घालतात. बिअरमध्ये काय घालावे हे ठरवणाऱ्या 1516 च्या बव्हेरियन शुद्धता कायद्याच्या चौकटीत हे दोन्ही पदार्थ बसत नाहीत, तरीही प्रादेशिक परंपरा म्हणून जर्मनीत तिला सवलत मिळालेली आहे. 1966 मध्ये ती बनवणारी शेवटची ब्रुअरी बंद पडली, आणि 1980 च्या दशकात लाइपझिगमध्येच तिचे पुनरुज्जीवन झाले. तिचा आंबटपणा पारंपरिक रीतीने लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंकडून येतो, म्हणजे दह्याला आंबवणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातून. हॉप्स या जिवाणूंना मारक असल्यामुळे गोझेमध्ये ते बेताचेच असतात, आणि म्हणूनच तिच्यात कडवटपणा जवळजवळ जाणवत नाही. मिठाचे प्रमाण असे राखायचे असते की पेय खारट लागू नये. मिठातल्या क्लोराइडमुळे बिअरला किंचित भरीवपणा यावा आणि आंबटपणाच्या कडा बोथट व्हाव्यात, एवढाच त्याचा उपयोग.

अमेरिकेत आणि युरोपात ही शैली पुन्हा लोकप्रिय होऊ लागली, तेव्हा आंबट आणि खारट बिअर ही तिकडच्या पुष्कळ ग्राहकांना चमत्कारिक कल्पना वाटली असणार. मराठी जिभेला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. कोकणात रातांब्याची साल वाळवून आमसुले करताना मीठ वापरतात. कोकमाचे आगळ, म्हणजे खारवलेला रस, तर मिठाशिवाय टिकतच नाही. म्हणजे आपल्या घरात कोकम येते तेच मुळी मीठ घेऊन. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातात आपण जे कोकम सरबत देतो, त्यातही चिमूटभर मीठ आणि जिरेपूड असते. जर्मनीतल्या एका शहराची जुनी बिअर आणि कोकणातल्या घराघरांतली साठवणीची पद्धत यांच्यातले हे साम्य ब्रुअरीने नेमके हेरले, याचेच मला कौतुक वाटते. एखादी परकी शैली उचलून तिच्यावर देशी पदार्थ चिकटवणे सोपे असते. परंतु ज्या शैलीत तो पदार्थ आधीपासूनच बसत होता ती शैली निवडण्यासाठी दोन्ही बाजूंची जाण लागते.

आता पेल्याविषयी. रंग फिक्या माणकासारखा, त्यात गुलाबी झाक, आणि गव्हामुळे किंचित धूसर. कोकमातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल राहते. सोलकढीत नारळाचे दूध पडले की तेच जांभळट गुलाबीकडे झुकते, त्यामुळे ही बिअर सोलकढीपेक्षा सरबताच्या रंगाची दिसते. फेस पांढरट गुलाबी येतो आणि लवकर बसतो. कित्येकजण याला दोष समजतात. आंबट बिअरचा फेस सहसा टिकत नाही, हा त्या जातीचाच गुण आहे आणि त्याबद्दल बारमधल्या मुलावर चिडण्यात अर्थ नाही. वास अगदी माफक: ओल्या गव्हाच्या पिठाचा, थोडा लिंबाच्या सालीचा, आणि तळाशी आमसुलाचा तो विशिष्ट गडद, मातकट वास. पहिल्या घोटाला आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना लागतो, पण तो झोंबत नाही. मागोमाग मीठ येते, तेही मीठ म्हणून नव्हे. तोंडाला पाणी सुटते आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो, एवढ्यावरूनच त्याचा पत्ता लागतो. शेवट कोरडा आहे, साखरेचा चिकटपणा मागे उरत नाही. धणे मला स्वतंत्रपणे ओळखता आले नाहीत, आणि ते ओळखू यावेत अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आंबटपणाची ही मर्यादा राखणे हेच या बिअरमधले सर्वांत कठीण काम असावे. नेहमीच्या बिअरचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके पेय आम्ल) साधारण 4 ते 4.5 च्या आसपास असतो. आंबट बिअरचा 3.5 च्या खालीही जातो. तेथून आणखी थोडे खाली गेले की पेय दाताला लागते आणि अर्धा पेला टेबलावरच राहतो. सॉल्टेड कोकम त्या रेषेच्या अलीकडे थांबते. भर एप्रिलमध्ये दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, पुण्याच्या कोरड्या उष्म्यावर याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही. जुलैच्या भुरभुर पावसात मात्र मी ती मागवत नाही. तेव्हा गडद, भाजक्या मॉल्टच्या बिअरकडेच मन वळते.

चखण्याच्या बाबतीत बहुतेक बार या बिअरवर अन्याय करतात. तिच्यासोबत चीज घातलेले नाचो किंवा पेरी पेरी फ्राइज पुढे ठेवले जातात, आणि त्या मसाल्याखाली ती दबून जाते. तिला हवे ते तळलेले, तेलकट आणि साधे. रव्यात घोळवून तळलेली सुरमई किंवा मांदेली, कुरकुरीत बोंबील, नाहीतर शाकाहारी मंडळींसाठी गरम कांदाभजी. तळलेल्या पदार्थाचा तेलकटपणा कोकमाच्या आंबटपणाने धुऊन निघतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मालवणी जेवणानंतर सोलकढी हेच काम करते, तेव्हा या जोडीत नवे काही नाही. नवे एवढेच की ती जेवणाच्या शेवटी न येता सुरुवातीपासून सोबत करते. कोळंबीच्या तिखट रश्श्याबरोबर मात्र ती घेऊ नये, कारण तिखट आणि आम्ल एकत्र आले की दोन्ही अधिकच बोचतात.

ब्रुअरीचे काम पिंप भरले की संपते आणि बारचे तेथून सुरू होते, ही गोष्ट ग्राहकांच्या ध्यानात क्वचितच येते. पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या वेळोवेळी साफ केल्या नाहीत, तर त्यांत जिवाणू आणि जंगली यीस्ट बसतात आणि उत्तम बिअरलाही लोण्याचा किंवा शिळ्या शिर्क्याचा वास येऊ लागतो. शहरातल्या एका बारमध्ये, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, मला एका परिचित ब्रुअरीच्या पिल्सनरमध्ये (फिक्या, हलक्या बिअरमध्ये) असा लोण्याचा वास लागला; तीच पिल्सनर त्याच आठवड्यात दुसरीकडे निर्मळ होती. आंबट बिअरच्या बाबतीत असा बिघाड ओळखणे आणखी अवघड, कारण मुळातच ती आंबट असल्याने ग्राहक त्यालाच शैली समजून पितो. म्हणून जेथे नळ जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशा ठिकाणी ही बिअर मागवण्याआधी, पिंप केव्हा लावले एवढे विचारावे. चांगल्या बारमध्ये या प्रश्नाचा राग येत नाही.

आणखी एक व्यावहारिक तक्रार पेल्याविषयी आहे. आपल्याकडे बिअर जितकी थंड तितकी चांगली, असा समज आहे, आणि म्हणून पेले फ्रीजरमध्ये ठेवून त्यांवर बर्फाची साय येऊ देतात. इतक्या थंडीत जीभ बधिर होते, आणि मिठासारखी मंद जाणवणारी गोष्ट तर पूर्णपणे हरवते. साधा पेला मागून घ्यावा, आणि तो मिळालाच नाही तर पाचएक मिनिटे वाट पाहावी.

किमतीबद्दल थोडक्यात: क्राफ्ट बिअर महागच आहे. आयात मॉल्ट, लहान घाणे आणि उत्पादन शुल्क यांचा भार शेवटी पेल्यावरच पडतो, आणि पर्मिट रूममधल्या बाटलीशी तिची तुलना केली तर हिशोब कधीच जुळणार नाही. 2020 च्या टाळेबंदीत राज्य सरकारने मायक्रोब्रुअऱ्यांना ग्राउलरमधून (झाकणाच्या मोठ्या बाटलीतून) ताजी बिअर घरी नेण्यासाठी विकण्याची मुभा दिली होती, आणि तेव्हापासून पुण्यात घरी ताजी बिअर आणण्याची सवय अनेकांना लागली. सॉल्टेड कोकम अशी घरी आणणार असाल, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी. ग्राउलर एकदा उघडले की वायू निघून जातो, आणि वायू गेलेली ही बिअर म्हणजे निव्वळ आंबट पाणी.

ब्रुअरीच्या इतर बिअरविषयी मी येथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण त्यांची यादी बदलत राहते आणि आज वाचलेले नाव उद्या नळावर असेलच असे नाही. मला एवढे जाणवले आहे की नवा प्रयोग असला तरी त्यातही भपका कमी आणि तोल अधिक असतो. ज्यांना बिअर म्हणजे कडवटपणा हेच समीकरण मान्य आहे, त्यांना सॉल्टेड कोकम बहुधा बिअर वाटणारच नाही, आणि सलग तीन पेले रिचवण्याच्या बैठकीसाठीही ती योग्य नव्हे. दोन पेल्यांनंतर आंबटपणाचा थकवा येतो. अशा मंडळींनी आधी लहान नमुना मागावा. तो बहुतेक ठिकाणी विनामूल्य मिळतो, आणि आवडला नाही तर शेजारच्या नळावर गव्हाची साधी बिअर असतेच.